सोडून गेलेल्यांच्या दारी

८ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, परिपत्रकच. वर संस्थेचं बोधचिन्ह, खाली 'अध्यक्ष' म्हणून सही, आणि मध्ये मला 'प्रभारी संचालक' असं संबोधन. इतकी वर्षं मला वहिनी म्हणत आलात, निदान पाकिटावर तरी म्हणायचं होतंत.

तुम्ही विचारलंय, स्वयंसेवक टिकत का नाहीत? सोबत उपायही पाठवलेत. छातीवर लावायला बिल्ला, कामाचे गुण, दर महिन्याचा 'मानकरी', रोज सकाळी मोबाइलवर सुविचार. आणि शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, एक ओळ: 'मेपर्यंत सुधारणा न दिसल्यास संस्था मोठ्या हॉस्पिटलच्या ट्रस्टकडे सोपवण्याचा विचार करावा लागेल.' ही ओळ तुम्ही आधी लिहिलीत आणि बाकीचं पत्र नंतर, हे मला कळतं. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली मी. लंगडत आलेल्या पोरीचा पाय दुखतोय की तिला पळायचं नाहीये, हे एका नजरेत ओळखावं लागायचं.

आता माझं ऐका.

आपलं काम तसं एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. ज्यांची किडनी गेली आणि ज्यांच्या घरी ना गाडी ना माणूस, त्यांना डायलिसिसला न्यायचं आणि सुखरूप घरी आणून सोडायचं. दर दोन दिवसांनी, ते जगतील तोवर. हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, ही संस्था तुम्ही आणि ह्यांनी मिळून काढलीत. पण तुमच्या पत्रात 'फेरी', 'लाभार्थी' आणि 'मनुष्यबळ' एवढेच शब्द दिसले, म्हणून म्हटलं आठवण करून द्यावी.

आपले टेलर मास्तर आठवतात? ह्यांचे सगळे शर्ट त्यांनीच शिवले. आता दुकान बंद आहे, वरच्या खोलीत एकटे राहतात. गेल्या गुरुवारी ते सकाळी पिशवी घेऊन जिना उतरले आणि गाडीची वाट बघत फूटपाथवर उभे राहिले. गाडी आली नाही. ऑफिसात फोन केला तर सेक्रेटरी म्हणाले, "येईल, निघाली असेल." दुपार झाली. मास्तर पुन्हा जिना चढले. दुसऱ्या दिवशी त्यांना आडवं होता येईना, श्वास लागला. खालच्या चष्मेवाल्याने उचलून इमर्जन्सीत नेलं. छातीत पाणी झालं होतं. मी पोचले तेव्हा नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला बघून तो बाजूला केला आणि म्हणाले, "बाई, गाडी आली का?"

वाचले. पण तुमच्याकडे आलेल्या अहवालात ते काय झालेत ठाऊक आहे? 'रद्द फेरी: एक'.

त्या दिवशीची पाळी आपल्या स्वयंसेवकांतल्या वेल्डरची होती. गडी कामचुकार नाही. कारखान्यातली शिफ्ट बदलली, हे त्याने ऑफिसात येऊन सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, लेखी द्या. त्याने लेखी दिलं. उत्तर आलं, बदलाचा विचार पुढच्या तिमाहीत होईल. वन्सं, आता सांगा, बिल्ला कुणाला लावू?

बिल्ल्यांची ऑर्डर मी दिलेली नाही. देणारही नाही.

तुमची वहिनी

ता. क. मी गाडी चालवत नाही. सेक्रेटरींनी काही वेगळं कळवलं असेल तर त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगा.


२ फेब्रुवारी

वन्सं,

बरं बाई, चालवते. फक्त मास्तरांसाठी आणि फक्त उजेडात. मोतीबिंदू काढलाय, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, लायसन्स शाबूत आहे. ह्यांची गाडी नुसती झाकून ठेवायला मी काही संग्रहालय उघडलेलं नाही. सेक्रेटरींचा चष्मा चांगला आहे म्हणायचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मी बाहेर पडले. जे स्वयंसेवक सोडून गेले त्यांच्या घरी जाऊन विचारावं म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, "गेलेल्यांच्या मागे कशाला धावायचं? नवीन भरती करू." मी म्हटलं, "भोक बुजवल्याशिवाय बादली किती वेळा भरायची?" त्यांनी फाइल मिटली.

पहिल्या भेटल्या त्या दाताच्या डॉक्टर. एका पेशंटच्या दाढेत हात घालूनच त्यांनी मला बसायची खूण केली. मोकळ्या झाल्यावर हात धुताधुता म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे गाडी आहे. कुणाला चक्कर आली, बीपी उतरलं, तर काय करायचं ते मला येतं. आणि तुमच्या संस्थेने मला चार महिने काय दिलं? कार्यक्रमाचं सूत्रसंचालन! पाहुण्यांना फुलं! म्हणे माझा आवाज छान आहे." मग हसल्या आणि म्हणाल्या, "तोंड उघडायला मी लोकांना सांगते, स्वतः उघडायला नाही आले."

शाळेत मी एक गोष्ट पक्की शिकले होते. जी पोरगी हरते ती दुसऱ्या दिवशी मैदानावर येते. जिला खेळायलाच मिळत नाही, ती येत नाही.

वेल्डरकडे गेले तर तो रागावलेला असेल म्हणून मनाची तयारी करून गेले होते. रागावलेला नव्हताच. उलट मला खुर्ची पुसून दिली. "मला वाटलं, मी लागत नाही तुम्हाला," एवढंच म्हणाला. मास्तरांचं मी सांगितलं. तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही निघा आता. उद्या येतील ते मास्तरांकडे." आणि गेलाही.

रंगाच्या दुकानाचा मालक शेवटचा. तुम्ही त्याला ओळखता, जाडजूड, बोलायला फटकळ. एका आजींना त्याने वर्षानुवर्षं नेलं-आणलं. मग ऑफिसने वेळापत्रक बदललं आणि त्याला दुसरा पेशंट दिला. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी विचारलं, का सोडलंत? तो डब्यात रंग ढवळत होता. ढवळतच म्हणाला, "आजी गेल्या हे मला पेपरात वाचून कळलं, बाई. पंधरा दिवसांनी. मी त्यांच्या पायात चप्पल घालत होतो हो! एक फोन नाही? एक फोन?" गिऱ्हाईक निघून गेलं. तो ढवळतच राहिला.

वन्सं, ह्याला काय सुविचार पाठवू सांगा.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वन्सं,

फोनवर तुम्ही ओरडलात आणि मी ठेवून दिला. आता शांतपणे लिहिते. शांतपणे म्हणजे शब्द तेच, आवाज कमी.

होय, वार्षिक सत्कार सोहळा मी रद्द केला. हॉल सोडला, पाहुण्यांना कळवलं, प्रशस्तिपत्रं छापलेली नाहीत. होय, वेळापत्रक करायचं काम ऑफिसकडून काढून घेतलं. सेक्रेटरींना वाईट वाटलं, ते खरं आहे. दोन दिवस ते माझ्याशी 'आपण' म्हणून बोलत होते.

आता नवीन पद्धत अशी. एका पेशंटला तीन माणसं. त्या तिघांनी एकमेकांना ओळखायचं, एकमेकांचे नंबर ठेवायचे, कुणाला अडचण आली तर आपसात पाळी बदलायची. ऑफिसला विचारायचं नाही, फक्त कळवायचं. पेशंट आजारी पडला, बरा झाला, गेला, तर तिघांना त्याच दिवशी फोन. ज्याला थांबायचंय त्याने थांबावं, सहा महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर यावं, कुणी 'कुठे होतात?' विचारणार नाही. सेक्रेटरी ह्याला 'गट' म्हणतात. वेल्डर 'टोळी' म्हणतो. टोळी हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय, माझा नाइलाज आहे.

तुम्ही म्हणालात, "दादा असता तर हे झालं नसतं."

नसतंच झालं. मान्य. पण दादा काय करायचा ते तुम्ही विसरलात, का तुम्ही इथे नव्हतात म्हणून तुम्हाला माहीतच नाही? हे रोज संध्याकाळी जेवणाआधी फोन घेऊन बसायचे. "काय रे, आज त्यांची शुगर कशी होती? तुझ्या मुलीची परीक्षा झाली का? उद्या जमतंय ना?" पोळ्या गार व्हायच्या. मी चिडायचे. तुम्हाला वाटतं लोक सोहळ्यामुळे टिकले. फुलं आणि भाषणं वर्षातून एकदा असायची. लोक त्या फोनमुळे टिकले. हे गेले आणि फोन बंद झाले, आणि त्यांच्या जागी आल्या सूचना, तिमाही आणि तुमची परिपत्रकं.

मला तसे फोन जमणार नाहीत. माझा आवाज मैदानावरचा, 'कशी आहेस' म्हटलं तरी समोरची ताठ उभी राहते. म्हणून जे काम एक माणूस करत होता ते मी सगळ्यांत वाटून टाकलं. मेलेल्या नवऱ्याची जागा भरून काढायला निघालेली बाई म्हणून माझी कीव करू नका. आणि दादाचं नाव मध्ये घालून मला गप्प बसवू नका. तुमचा दादा होता, माझा नवरा होता. वाटणी करायला बसलो तर माझा वाटा मोठा निघेल.

वहिनी


२४ मार्च

वन्सं,

सेक्रेटरींनी आकडे पाठवले असतील. खरे आहेत. जानेवारीत होते त्याहून स्वयंसेवक कमी झालेत. लपवायचं कशाला.

कॉलेजची काही मुलं आली होती. प्रमाणपत्र मिळणार नाही कळल्यावर निम्मी गेली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, कडवटपणा ठेवला नाही. दोन टोळ्या आपसात भांडून मोडल्या. एका ठिकाणी तिघांनाही वाटलं, दुसरा जाईल. मीच धावत गेले, अर्धा तास उशीर झाला, पण मशीन मिळालं.

आणि सगळ्यांत मोठा तमाशा माझ्या लाडक्या टोळीत. मास्तरांच्या टोळीत वेल्डर आणि दाताच्या डॉक्टर दोघंही आहेत, तिसरी मी. वेल्डर परतीच्या वाटेवर गाडी थांबवायचा आणि दोघं टपरीवर अर्धा अर्धा चहा घ्यायचे. डॉक्टरांना कळलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे तर आपल्याला पाठ आहे. त्या मास्तरांच्या घरी गेल्या, बाटलीवर रेघा मारून आल्या आणि वेल्डरला म्हणाल्या, "तुम्ही त्यांना मारायला निघालात." वेल्डर म्हणाला, "आणि तुम्ही जिवंत ठेवून काय करणार? त्या खोलीत भिंतीकडे बघत बसवणार?" हे सगळं माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, मास्तर मध्ये बसलेले असताना.

मग मास्तरांनी काठी आपटली. मी दचकले, ते एरवी सुईसुद्धा हळूच ठेवणारे.

"माझ्याबद्दल बोलताय, मला कुणी विचारलं का?" म्हणाले. "मी काय पार्सल आहे, इकडून घ्यायचं नि तिकडे टाकायचं? अर्धा कप चहा मी माझ्या दिवसभराच्या पाण्यातून वळता करतो. मला हिशेब येतो. आयुष्यभर कापड मापात बेतलंय मी."

डॉक्टरांचं तोंड उतरलं. वेल्डर हसायला लागला तर त्यालाही सुनावलं, "तुम्ही हसू नका. तुम्ही गाडीत इतक्या मोठ्याने गाणी लावता की माझं दुखणारं डोकं आणखी दुखतं. तीन वेळा सांगणार होतो, भिडेखातर गप्प बसलो. फुकट गाडीत बसलेल्या माणसाने तक्रार तरी कशी करायची?"

वन्सं, स्वयंसेवकांना काय हवंय ते मी दारोदार विचारत फिरले होते. पेशंटांना काय हवंय ते कुणीच विचारलं नव्हतं.

तर आता प्रत्येक टोळीचा मुकादम पेशंट स्वतः. कुणी कधी यायचं, गाणी लावायची की नाही, वाटेत थांबायचं का, तो किंवा ती ठरवणार. पाळीच्या आदल्या दिवशी स्वयंसेवकाला फोन करायचा तोही त्यांनीच. मशीनवर चार तास पडून असतात, एक हात मोकळा असतो. मास्तर तर आता इतर पेशंटांच्या टोळ्यांनाही फोन लावतात. नर्सने परवा तक्रार केली की हा वॉर्ड आहे का टेलिफोन एक्स्चेंज.

तुम्ही कळवलंत, 'लाभार्थ्यांना निर्णयप्रक्रियेत आणणे नियमात बसत नाही.' नसेल बसत. नियम उसवा आणि नवीन बेता. मास्तर मदत करतील.

वहिनी


११ एप्रिल

वन्सं,

सभेची नोटीस मिळाली. विषय: संस्थेचे हस्तांतरण. म्हणजे मे उजाडायचीही वाट पाहिली नाहीत.

ट्रस्टचा माणूस काल येऊन गेला. तरुण, नीटनेटका, बोलायला अतिशय गोड. त्याने ऑफिस बघितलं, गाड्या लावायची जागा बघितली, मला म्हणाला, "मॅडम, तुमचे स्वयंसेवक ही तुमची सर्वांत मोठी मालमत्ता आहे." मी विचारलं, "तुम्ही नेणार कुणाला?"

"आमच्या हॉस्पिटलच्या नोंदणीकृत पेशंटना."

"आणि सरकारी केंद्रात जाणाऱ्यांना?"

"त्यांचा विचार टप्प्याटप्प्याने."

"टप्पा म्हणजे? मास्तरांना गुरुवारी जायचंय."

त्याने टॅबलेटवर काहीतरी टिपून घेतलं. बहुतेक 'म्हातारी त्रास देणार' असं.

वन्सं, आपल्याकडचे निम्म्याहून जास्त पेशंट सरकारी केंद्रात जातात. त्या हॉस्पिटलात जायची त्यांची ऐपत नाही, म्हणून तर आपली गरज लागली. हे तुम्हाला कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही दमलात. लांब राहून, लेकाच्या घरी बसून, एका संस्थेचं ओझं वाहायचं, रोज सेक्रेटरींचे फोन घ्यायचे, दादा नाही. दमणं मला समजतं. पण दमलेल्या माणसाने खाली बसावं, दुसऱ्याच्या पायाखालची सतरंजी ओढू नये.

आकडे विचाराल म्हणून सांगते. स्वयंसेवक अजूनही थोडेच आहेत. पण मार्चच्या मध्यापासून एकही गाडी चुकलेली नाही. रंगवाला परत आलाय. न बोलवता. दुकानात पाटी लावतो, 'दोन तासांत येतो', आणि जातो.

सभेला या. मी तिथेच असेन.

वहिनी


२९ एप्रिल

वन्सं,

तुम्ही आलात, जिंकलात आणि घरी न येता परत गेलात. तुमच्यासाठी चादर बदलून ठेवली होती. असो.

झालं ते लिहून ठेवते, कारण तुमच्या इतिवृत्तात ते येणार नाही. मास्तर बोलायला उठले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपण सभासद नाही, आपल्याला बसावं लागेल." ते म्हणाले, "बसतोच. उभं राहवत नाहीच. पण बसून बोलतो." आणि बोलले. तुम्ही हातातल्या कागदाकडे बघत होतात. कागद कोरा होता, मला माझ्या जागेवरून दिसत होता.

मग हात वर झाले. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाचा. सेक्रेटरींनी एका हाताने लिहिलं आणि दुसरा वर केला. माझा एकटीचा खाली. तुम्ही माझ्याकडे वाकून हळू म्हणालात, "वहिनी, जरा व्यवहाराने वागा." मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आवाज वाढवा, मागे पेशंट बसलेत." ते तुम्हाला लागलं, दिसलं मला. परत घेत नाही.

ऑफिसच्या किल्ल्या, शिक्का, बोधचिन्हाचा तो पितळी फलक, सगळं तुमच्या स्वाधीन केलं. पार्किंगच्या जागेचा कागदसुद्धा. ह्यांचा फोटो तेवढा भिंतीवरून काढून घरी आणला. त्यावर ट्रस्टचा हक्क पोचत नाही.

परवापासून संस्था माझी नाही, त्यामुळे परवापासून कोण कुणाला नेणार हे ठरवायचा अधिकारही मला नाही. टोळ्यांना मी एवढंच कळवलं की संस्था आता ट्रस्टची, तुम्ही मोकळे आहात. कुणाला गळ घातली नाही. माझ्या पाळीला मी जाणार. बाकी काय होतं, मला खरंच माहीत नाही, आणि मला भीती वाटते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

पण रडलेले नाही. सेक्रेटरींनी तसं कळवलं असेल तर ते खोटं आहे.

वहिनी


१९ मे

वन्सं,

ह्या खेपेला तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत आणि वर 'वहिनी' लिहिलंत, म्हणून लगेच उत्तर देते.

ट्रस्टने स्वयंसेवकांची ओळख-सभा ठेवली, नाश्ता ठेवला, टोप्या वाटायला आणल्या, आणि चारच माणसं आली, त्यातली दोन वाट चुकून. हे ऐकून मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर देव मला क्षमा करणार नाही. तुम्ही विचारता, बाकीच्यांचे नंबर पाठवाल का? आणि लिहिता, 'तुम्ही माझी संस्था मोडलीत.'

नंबर पाठवणार नाही. तुम्ही मागितलं ते सगळं मी दिलं. माणसं द्यायला ती माझी नव्हती. ह्यांचीही नव्हती, तुमचीही नाहीत.

त्या पहिल्या सकाळचं सांगते. मी मास्तरांना घेऊन सरकारी केंद्रापाशी पोचले, त्यांना आत सोडलं आणि बाहेर फाटकाशी उभी राहिले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. आधी वेल्डर आला, मालकाची व्हॅन मागून आणली होती, आत दोन पेशंट. मास्तरांची पाळी त्या दिवशी माझी होती, म्हणून त्याने दुसऱ्या टोळीची घेतली होती. मग दाताच्या डॉक्टर आल्या, ॲप्रनवरच. रंगवाल्याने गाडीतून उतरून आपल्या पेशंटच्या पायात चप्पल नीट बसवली, माझ्याकडे न बघता आत गेला. एक टोळी आली नाही, तर तिच्या पेशंटला दुसरीने आणलं, वाटेत आपसात ठरवून. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बाजूच्या बाकावर बसायची वेळ आता माझ्यावर आली होती. बसले. बरं वाटलं.

आणि सगळ्यांत शेवटी एक पांढरी स्वच्छ गाडी वळली. सीटवर अजून प्लास्टिकचं कव्हर. ही गाडी तुम्ही आणि मी दोघी ओळखतो, तिच्यात बसून कुणी बिस्कीट खाल्लेलंही मालकाला खपत नाही. सेक्रेटरी उतरले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, मला म्हणाले, "नमस्कार. टोळी क्रमांक सात. तिसरा माणूस कमी आहे असा मास्तरांचा फोन होता."

मी म्हटलं, "सभेत तर तुमचा हात वर होता."

"हो," म्हणाले. "अध्यक्षांचा ठराव होता." गाडीचं दार लावून म्हणाले, "पण मास्तरांनी फोन केला तेव्हा अध्यक्ष लाइनवर नव्हत्या."

त्यांच्या वाट्याला आल्यात तिकीटबाई. आयुष्यभर रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या, एका वेळी एकच प्रश्न ऐकून घेणाऱ्या. परतीच्या वाटेवर त्यांना मळमळलं आणि प्लास्टिक कव्हरच्या बरोबर बाजूला, जिथे कव्हर नव्हतं तिथे, उलटी झाली. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी सेक्रेटरींच्या बिल्डिंगखालून गेले तर ते बनियनवर बादली घेऊन सीट घासत होते. मी काचेतून विचारलं, "परवा दुसऱ्या कुणाला पाठवू का?" म्हणाले, "का? त्यांनी तक्रार केलीय का माझी?"

आता कव्हर काढून टाकलंय. तिकीटबाई म्हणाल्या, चिकटतं.

वन्सं, आमच्याकडे ऑफिस नाही, फलक नाही. कुणाची गाडी बिघडते, कुणी रुसतं, गेल्या आठवड्यात दोघांनी निरोप घेतला, एक नवी आली. पुढच्या वर्षी आम्ही असू का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. उद्या सकाळी आहोत. तुमची ती नावापुरती संस्था ट्रस्टकडे सुखात राहो. तुम्हाला इकडे यावंसं वाटलं तर या, गाडी चालवता येते तुम्हाला, हे मला माहीत आहे, दादानेच शिकवली होती. फक्त पेशंट सांगेल त्या वेगाने चालवावी लागेल.

आणि हो, सेक्रेटरींचा राजीनामा तुमच्याकडे आला असेलच. त्यात 'वैयक्तिक कारण' असं लिहिलंय, आणि कारण कोणतं म्हणून तुम्ही मला विचारलंय. ते कारण आठवड्यातून तीनदा त्यांच्या मागच्या सीटवर बसतं आणि प्रत्येक वळणावर ओरडतं, "हळू! इथे काय गाडी सुटतेय का?"

तुमची,
वहिनी